मदतकार्य आणि आंदोलन: कार्यकर्त्यांनी दोन्ही कामे कशी सांभाळावीत

मोर्चाची तारीख तीन महिन्यांपूर्वी ठरलेली असते, परवानगीचा अर्ज दिलेला असतो, फलक रंगवून झालेले असतात, आणि आठ दिवस उरले असताना पूर येतो किंवा भूकंप होतो. ज्या वस्त्यांतून माणसे मोर्चाला येणार होती त्याच वस्त्या उद्ध्वस्त होतात. अशा वेळी संघटनेच्या बैठकीत दोन सूर निघतात. एक म्हणतो की आता आंदोलन बाजूला ठेवून केवळ मदत करावी. दुसरा म्हणतो की ज्या धोरणांमुळे ही आपत्ती इतकी भीषण झाली त्यांच्याविरुद्ध बोलण्याची हीच वेळ आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. ज्या संघटनांना यांपैकी कोणतेही काम सोडायचे नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्याचा गाभा असा: मदत घेणाऱ्या माणसाकडे त्या घटकेला काहीही मागायचे नाही, आणि मदत करताना जे कळले ते त्याच्या संमतीवाचून वापरायचे नाही, तसेच सोयीसाठी दडपायचेही नाही.

पहिल्या दिवसांतला निर्णय

ढिगाऱ्याखालून जी माणसे जिवंत निघतात, त्यांतील बहुतेक पहिल्या एकदोन दिवसांत निघतात, आणि तीही बव्हंशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातून. म्हणून या दिवसांत संघटनेचा प्रत्येक धडधाकट माणूस बचाव, पाणी, औषधे आणि निवारा यांच्या कामाला लावावा, आणि ठरलेला मोर्चा पुढे ढकलावा. तो रद्द केल्याचे जाहीर करू नये. पुढे ढकलला आहे, कारण हे आहे आणि नवी तारीख अमुक बैठकीत ठरेल, असे लेखी कळवावे. तारीख न सांगता थांबलेले आंदोलन विरून जाते, आणि मग दोन महिन्यांनी तेच कार्यकर्ते एकमेकांना दोष देत बसतात.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो ठामपणे वापरावा. एखादा अन्यायच त्या क्षणी माणसांचा जीव घेत असेल, उदाहरणार्थ निवाऱ्याची इमारत कुलूपबंद ठेवली असेल, एखाद्या समाजाच्या लोकांना छावणीत शिरू दिले जात नसेल किंवा बचावाची यंत्रे माणसांऐवजी मालमत्ता काढण्यासाठी वळवली असतील, तर तिथल्या तिथे धरणे धरणे हे बचावकार्यच होय. मात्र अशा वेळी मागणी एकच असावी आणि ती तासाभरात पूर्ण करता येण्याजोगी असावी. कुलूप उघडले की धरणे उठले पाहिजे.

इतिहासात या निर्णयाची मोठी उदाहरणे आहेत. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला तेव्हा सविनय कायदेभंगाची चळवळ अद्याप मागे घेतलेली नव्हती आणि राजेंद्रप्रसाद सरकारचे कैदी होते. त्यांची सुटका झाली आणि त्यांनी लगेच मदत समितीची उभारणी हाती घेतली. ज्या सरकारविरुद्ध लढा चालू होता त्याच्याशी मदतीच्या कामापुरते सहकार्य करावे, अशी भूमिका गांधीजींनी घेतली. या सहकार्याने काँग्रेसची स्वराज्याची मागणी मागे पडली नाही. कोणत्या कामात सहकार्य आहे आणि कोणत्या प्रश्नावर विरोध कायम आहे, हे दोन्ही उघडपणे सांगितले की ते शक्य होते.

रांगेजवळ काय करू नये

हा भाग मी विस्ताराने लिहितो आहे, कारण माझ्या हातून इथेच चूक झाली. एका मदत केंद्रावर आम्ही शिधावाटपाच्या टेबलावरच मागणीपत्र ठेवले होते. मागणी रास्त होती, कोणावरही सक्ती नव्हती आणि शेकडो सह्या झाल्या. संध्याकाळी एक वृद्ध बाई परत आल्या आणि त्यांनी विचारले, ‘‘दादा, माझी सही त्या कागदावर राहून गेली, आता उद्या मला धान्य मिळेल ना?’’ त्या रात्री आम्ही सगळे कागद बाजूला काढले आणि त्यांतील एकही सही वापरली नाही. भुकेल्या माणसासमोर ठेवलेला कागद ऐच्छिक असूच शकत नाही, हे आम्हाला आधी कळायला हवे होते.

रेड क्रॉस चळवळीने आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून 1994 मध्ये मदतकार्याची जी आचारसंहिता मान्य केली, तिच्या दहा कलमांपैकी तिसरे नेमके याविषयी आहे: मदतीचा उपयोग विशिष्ट राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये. त्याचा व्यवहारातला अर्थ पुढीलप्रमाणे घ्यावा. वाटपाच्या जागी सही, सभासदत्व, फोन क्रमांक, घोषणा किंवा छायाचित्र यांपैकी काहीही मागू नये. घोषणा लिहिलेले सदरे घालून वाटप करू नये. मोर्चाची पत्रके शिध्याच्या पिशवीत घालू नयेत. नाव नोंदवायचे ते केवळ वाटपात कोणी सुटू नये म्हणून, आणि तेवढीच माहिती घ्यावी. सभा घ्यायची असेल तर ती वेगळ्या जागी आणि वेगळ्या दिवशी घ्यावी. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दुसरे टेबल मांडणे पुरेसे नाही, कारण रांगेतला माणूस दोन्ही टेबलांवर तेच चेहरे पाहत असतो.

संघटनेचे नाव लपवावे का, हा प्रश्न हमखास निघतो. लपवू नये. आपण कोण आहोत हे साध्या बिल्ल्यावर असावे, कोणी विचारल्यास स्पष्ट सांगावे आणि पावतीवर छापलेले असावे. ओळख लपवून केलेली मदत पुढे उघडकीस आली की लोकांना फसवल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे योग्यच असते.

इथे दोन शब्दांतला भेद मनात पक्का असावा. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1991 मध्ये मदतकार्यासाठी मानवता, तटस्थता आणि निःपक्षपातीपणा ही तत्त्वे मांडली. आंदोलन करणारी संघटना तटस्थ नसते. तिने बाजू घेतलेली असते आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. निःपक्षपाती मात्र तिला असलेच पाहिजे. ज्याने गेल्या वर्षी आपल्यावर दगड फेकला त्याच्या घरात पाणी शिरले असेल, आणि त्याची गरज आपल्या सभासदापेक्षा मोठी असेल, तर पहिली ताडपत्री त्याला द्यावी. यादी गरजेप्रमाणे लावावी आणि ती लावण्याचा निकष सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावा: लहान मुले असलेली घरे, एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती, आजारी आणि अपंग माणसे, घर पूर्ण पडलेली कुटुंबे.

माणसे आणि पाळ्या

एकाच दिवशी एकाच माणसाने सकाळी वाटप आणि दुपारी मोर्चा अशी दोन्ही कामे करू नयेत. थकवा हे एक कारण आहेच, पण मनाचा रोख बदलायलाही वेळ लागतो. वाटपाला शांत, न चिडणारा माणूस लागतो, आणि मोर्चात आवाज चढवावा लागतो. आठवड्याचा तक्ता करून प्रत्येकाचे दिवस वाटून घ्यावेत आणि प्रत्येकाला सात दिवसांत किमान एक दिवस पूर्ण सुटी द्यावी. सुटीच्या दिवशी केंद्रावर येणाऱ्या कार्यकर्त्याला प्रेमाने परत पाठवण्याची जबाबदारी एकाकडे सोपवावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिसऱ्या आठवड्यात आजारी पडणारी आणि एकमेकांवर ओरडणारी माणसे बहुधा तीच असतात ज्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत सुटी नाकारली होती.

मोर्चात अटक होण्याची शक्यता असेल तर त्याचा हिशेब आधी करावा. गोदामाची किल्ली, औषधांची पेटी, वाहनाची चावी, बँकेच्या खात्याचे अधिकार आणि वाटपाची मूळ यादी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी अटकेची जोखीम असलेल्या कार्यक्रमात जाऊ नये. जायचेच असेल तर आदल्या दिवशी ती जबाबदारी वहीत नोंद करून दुसऱ्याकडे द्यावी. एखादा कार्यकर्ता कोठडीत आहे आणि त्याच्या खिशातल्या किल्लीअभावी दोनशे माणसांचे वाटप अडले आहे, अशी वेळ आली तर त्या मोर्चाचे समर्थन कोणत्याही व्यासपीठावरून करता येणार नाही. अटकेची तयारी असलेल्यांची नावे, त्यांच्या घरी कळवायचे कोणी, वकिलाशी बोलायचे कोणी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी कोण करणार, हे एका पानावर लिहून ठेवावे.

आंदोलनाने शिकवलेली कौशल्ये मदतीत फार उपयोगी पडतात, आणि त्यांचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. 29 ऑक्टोबर 2012 रोजी सँडी वादळ न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा, आदल्या वर्षी आर्थिक विषमतेविरुद्ध वॉल स्ट्रीटजवळ ठाण मांडून बसलेल्या ऑक्युपाय चळवळीच्या कार्यकर्त्यांनी काही दिवसांतच ब्रुकलिनमधल्या चर्चमध्ये मदत केंद्रे उभी केली. शेकडो माणसांचे जेवण शिजवणे, अनोळखी स्वयंसेवकांना अर्ध्या तासात काम शिकवणे, सर्वांना निरोप पोचवणे आणि लांबलचक बैठका न भांडता पार पाडणे, हे त्यांनी आंदोलनात आत्मसात केले होते. लग्नाच्या भेटवस्तूंसाठी असलेली अ‍ॅमेझॉनवरील यादी वापरून त्यांनी नेमक्या लागणाऱ्या वस्तू मागवल्या, त्यामुळे नको असलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगांचा त्रास बराच टळला. ज्या सरकारी यंत्रणेकडे हे कार्यकर्ते संशयाने पाहत होते, त्याच अमेरिकी अंतर्गत सुरक्षा विभागासाठी 2013 मध्ये त्यांच्या कामाचा अभ्यास अहवाल तयार झाला.

नोंदी: दोन वह्या, दोन कपाटे

मदत करताना कार्यकर्त्याला असे बरेच काही दिसते जे कार्यालयात बसणाऱ्याला दिसत नाही: कोणत्या गल्लीत टँकर पोचतच नाही, कोणाचा पंचनामा झालाच नाही, कोणाकडून भरपाईसाठी पैसे मागितले गेले. आंदोलनाचा पाया हाच असतो, म्हणून नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात, पण वाटपाची वही आणि तक्रारींची वही एक करू नये. वाटपाच्या वहीत नाव, कुटुंबातील माणसे आणि दिलेल्या वस्तू एवढेच असावे. तक्रारींच्या वहीत तारीख, वेळ, ठिकाण, काय घडले आणि ते कोणी प्रत्यक्ष पाहिले हे असावे. सांगणाऱ्याचे नाव मात्र वेगळ्या कागदावर, केवळ क्रमांकाने जोडलेले असावे. कोणी उद्या ही वही हिसकावून नेली तर त्यातून कोणाचे नुकसान होईल, हा प्रश्न प्रत्येक पानाला विचारावा.

साक्ष घेताना संमती तीन टप्प्यांत घ्यावी. ही माहिती आम्ही जाहीर करू का, असे आधी विचारावे. मग नावानिशी की नावाशिवाय, हे विचारावे. आणि शेवटी, मन बदलल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा, आम्ही ती काढून टाकू, असे सांगून त्या माणसाकडे संपर्काचा कागद द्यावा. नुकताच आघात झालेल्या माणसाला घडलेले सारे पुन्हा सांगायला लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराचे जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचा सारांश पाहा, ऐका आणि जोडून द्या असा आहे. आधी परिस्थिती पाहावी, तो माणूस बोलेल तेवढेच ऐकावे आणि त्याला लागणाऱ्या मदतीशी जोडून द्यावे. साक्ष नंतरही घेता येते. छायाचित्रांनाही हाच नियम लावावा. आचारसंहितेचे दहावे कलम सांगते की प्रसिद्धीत आपद्ग्रस्तांना केविलवाण्या वस्तूंसारखे नव्हे, प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखवावे.

नोंदींचे मागणीत रूपांतर करताना मान्यताप्राप्त मापे हाताशी ठेवावीत. मदतसंस्था जी स्फिअर मानके पाळतात, त्यांप्रमाणे माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 250 माणसांमागे किमान एक नळ, सुरुवातीच्या काळात 50 माणसांमागे आणि नंतर 20 माणसांमागे एक शौचालय, आणि निवाऱ्यात माणशी किमान 3.5 चौरस मीटर छताखालची जागा हवी. ‘छावणीचे हाल थांबवा’ या घोषणेला अधिकारी ‘प्रयत्न चालू आहेत’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. त्याऐवजी छावणीत 600 माणसे आहेत, त्यांना 30 शौचालये हवीत आणि आज 7 आहेत, असे निवेदनात लिहिले तर त्याला 23 चा हिशेब द्यावा लागतो. ही मोजणी वाटप करणारा कार्यकर्ता सहज करू शकतो, म्हणून हे काम त्याच्या रोजच्या पाळीत धरावे.

मागणी कोणाची

19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपाने मेक्सिको सिटीचा मोठा भाग कोसळला तेव्हा सरकारी यंत्रणा गोंधळलेली होती आणि नागरिकांनीच हातांनी ढिगारे उपसले. शिवणकामाचे अनेक कारखाने पडून शेकडो कामगार स्त्रिया दगावल्या. काही मालक आत अडकलेल्या बायकांऐवजी यंत्रे आणि माल बाहेर काढण्याच्या मागे लागल्याचे वाचलेल्या स्त्रियांनी पाहिले. त्याच स्त्रिया रस्त्यावर बसल्या, आणि महिनाभरातच त्यांनी ‘19 सप्टेंबर’ हेच नाव घेऊन आपली कामगार संघटना नोंदवली. बेघर झालेल्या कुटुंबांनीही वस्तीवस्तीतल्या समित्या जोडून आपद्ग्रस्तांची समन्वय समिती स्थापन केली, मोर्चे काढले, आणि सरकारला पडलेल्या चाळींच्या जागा ताब्यात घेऊन तिथेच घरे बांधायला लावले. पुढील दोन वर्षांत 40 हजारांहून अधिक घरे उभी राहिली. बाहेरून आलेले विद्यार्थी, वास्तुविशारद आणि वकील यात होते, पण काय मागायचे हे भाडेकरूंनी ठरवले, आणि आपापल्या वस्तीतच राहू देण्याची मागणी त्यांचीच होती. बाहेरच्या एखाद्या संघटनेने कदाचित शहराबाहेरच्या मोठ्या घरांवर तडजोड केली असती.

म्हणून आपद्ग्रस्तांची स्वतःची बैठक भरेपर्यंत मागण्यांचा मसुदा अंतिम करू नये. बैठकीसाठी जागा, सतरंज्या, मुले सांभाळणारी माणसे आणि कायद्याची माहिती पुरवावी, आणि अध्यक्षस्थान त्यांच्याकडे द्यावे. ते म्हणाले की आत्ता मोर्चा नको, आधी भरपाईचा पहिला हप्ता हाती येऊ द्या, तर थांबावे, मग आपल्याला ते कितीही भित्रेपणाचे वाटो. मोर्चानंतर त्याच कार्यालयाच्या दारात आपल्याला उभे राहायचे नसते, त्यांना असते. त्यांच्या मागणीशी आपले मत जुळत नसेल तर तसे बैठकीत सांगावे आणि आपल्या मताचे आंदोलन आपल्या नावाने, त्यांचे नाव न घेता, वेगळे करावे.

बोलल्याने दार बंद होणार असेल तेव्हा

यावर कोणतेही सोपे उत्तर नाही. 1985 मध्ये इथिओपियातील दुष्काळात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेच्या फ्रेंच शाखेने, सरकार मदतीचा वापर करून लोकांना सक्तीने दूरच्या प्रदेशात हलवत आहे, असे जाहीरपणे सांगितले आणि तिला देशाबाहेर काढण्यात आले. ज्या संस्था गप्प राहिल्या त्या तिथे काम करत राहिल्या. दोन्ही बाजूंना आजही आपापली कारणे आहेत, आणि मला स्वतःला त्या फ्रेंच शाखेचा निर्णय योग्य वाटतो, कारण तिथे खुद्द मदतच अन्यायाचे साधन झाली होती.

आपल्या लहान पातळीवर असा प्रसंग आला तर पुढील क्रमाने विचार करावा. आपण गेलो तर आपले काम दुसरे कोणी करणार आहे का, हे आधी पाहावे. दुसरे कोणी नसेल तर न बोलण्याचा पर्याय काही काळ तरी विचारात घ्यावा लागतो. तीच माहिती वाटप न करणाऱ्या दुसऱ्या संघटनेमार्फत, पत्रकारामार्फत किंवा न्यायालयातील अर्जातून बाहेर येऊ शकेल का, याचा शोध घ्यावा. पुष्कळदा वाट इथेच सापडते. मग ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांना विचारावे. आणि आपली मदतच जर अन्यायाला हातभार लावत असेल, एखाद्या वस्तीला हुसकावण्यासाठी आपल्या छावणीचे आमिष दाखवले जात असेल, तर दार बंद झाले तरी बोलावे. हा निर्णय एकट्या नेत्याने घेऊ नये. वाटप करणाऱ्या कार्यकर्त्यांसह बैठकीत घ्यावा आणि कारणे लिहून ठेवावीत.

सकाळी ज्या अधिकाऱ्याकडे ट्रकच्या परवानगीसाठी जावे लागते त्याच्याच कार्यालयासमोर दुपारी निदर्शने असतात, ही अडचण रोजची आहे. त्याला आधी सांगावे. आम्ही तुमच्या समन्वय बैठकीला येणार, आकडे देणार, आणि शुक्रवारी या तीन मागण्यांसाठी तुमच्या दारात बसणार, असे तोंडावर सांगितलेले बहुतेक अधिकारी समजून घेतात. ‘निदर्शने मागे घ्या, ट्रक लगेच सोडतो’ असा सौदा कोणी सुचवला तर तो नाकारून लेखी नोंद करावी, आणि ट्रकचा प्रश्न त्याच दिवशी वरिष्ठांकडे न्यावा.

पैसा

मदतीसाठी आलेला एकही रुपया आंदोलनावर खर्च करू नये. मोर्चाच्या गाड्यांचे इंधन, फलक, जामीन, वकील यांसाठी वेगळा निधी, वेगळे पावतीपुस्तक आणि शक्य असल्यास वेगळे खाते असावे. बिहारच्या भूकंप निधीचा हिशेब गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहत होते, आणि गांधीजींच्या सोबत आलेल्या मंडळींचा खर्च त्या निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला; गांधीजींनी तो निर्णय मानला. आपल्या संघटनेच्या सर्वांत मोठ्या माणसाला असा नकार देऊ शकेल, अशाच व्यक्तीकडे निधी सोपवावा. हिशेब दर आठवड्याला मदत केंद्राच्या भिंतीवर लावावा, म्हणजे तो देणगीदारांइतकाच मदत घेणाऱ्यांनाही वाचता येईल. आचारसंहितेच्या नवव्या कलमात या दोघांनाही उत्तरदायी राहण्याची अपेक्षा आहे. मदतीतून उरलेली रक्कम आंदोलनाकडे वळवावी असे वाटले तर प्रत्येक देणगीदाराची परवानगी घ्यावी लागेल, आणि हे जवळजवळ कधीच शक्य होत नाही, म्हणून ती पुनर्वसनाच्या कामाला द्यावी.

मदत संपवताना

वाटप बंद करण्याची तारीख किमान दोन आठवडे आधी जाहीर करावी. ती मोर्चाच्या तारखेला लागून येणार नाही, याची काळजी घ्यावी, कारण मोर्चाला न आल्यामुळे मदत थांबली अशी समजूत पसरायला एक दिवस पुरतो. उरलेल्या वस्तू, भांडी आणि ताडपत्र्या आपद्ग्रस्तांच्या समितीकडे मोजून द्याव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद करावा. तक्रारींच्या वहीची एक प्रत समितीला द्यावी, मूळ प्रत वकिलाकडे किंवा तितक्याच सुरक्षित जागी ठेवावी. वाटपाच्या याद्यांचा हिशेब तपासून झाला की कार्यकर्त्यांच्या फोनमधल्या आणि संगणकातल्या प्रती पुसून टाकाव्यात, आणि पुसल्याची खात्री दोघांनी मिळून करावी. पुढल्या मोर्चाचे निमंत्रण त्या यादीवरून कोणालाही जाऊ नये. ज्यांना यायचे असेल त्यांच्यापर्यंत समितीच्या बैठकीतून निरोप पोचतो.